लो-कार्बवर आहे, अमिनोची पावडर घ्यावी का?

गोकुळपेठी (२ मार्च, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःच्या अडचणीसाठी धागा काढतेय.

वय ४६, वजन सध्या ६८ किलो, शाकाहारी. थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. नोव्हेंबरमध्ये एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आलं. मधुमेहात माझ्या आईच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तिचं ड्रेसिंग मी माझ्या हातांनी केलंय. त्यामुळे तो आकडा बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. डिसेंबरपासून भात, पोळी, बटाटा, साखर, डाळी सगळं बंद केलं. सहा किलो उतरले. उपाशीपोटीची शुगर ११२ होती, ती ९६ वर आली. म्हणजे फायदा झालाय, हे आधीच सांगते.

पण गेल्या महिन्याभरापासून केस मूठमूठ जातात. दोन जिने चढले की मांड्या भरून येतात आणि रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की ओरडून उठते. जिममधला ट्रेनर म्हणाला, शरीर स्नायू खातंय, सकाळी बीसीएए आणि रात्री ग्लुटामाइन सुरू करा. दोन डबे मिळून महिन्याला साडेतीन हजार. एक डबा घेतलाही. लो-कार्बवर असताना ही अमिनोची पावडर खरंच लागते का? आणि त्याने शुगर वाढते का? कोणी घेतली असेल तर अनुभव सांगा.

अंबाझरीचा_धावक (२ मार्च, ९:४०)

ताई, मी चार वर्षांपासून बीसीएए घेतो. रविवारी अंबाझरीवरून निघून फुटाळ्यापर्यंत आणि परत, असं मोठं पळणं झालं की दुसऱ्या दिवशी पाय कमी दुखतात हा माझा अनुभव आहे. ट्रेनर अगदीच चुकीचं सांगत नाहीये. कार्ब्स कमी असले की शरीर प्रोटीन मोडून साखर बनवतं, हे खरं आहे.

तर्रीवाला (२ मार्च, १०:०५)

ताई, डब्याचं मागून पाहू. पयले हे सांगा, दिवसभर खाता काय तुम्ही? बंद काय केलं ते सांगितलं, चालू काय हाये ते सांगतलंच नाही ना बाप्पा.

गोकुळपेठी (३ मार्च, सकाळी ७:३०)

@तर्रीवाला भाऊ, लिहिते. सकाळी तूप घातलेली कॉफी. अकराला दहा बदाम. दुपारी दोन वाट्या पालेभाजी किंवा कोबी-दोडका, काकडी, एक ग्लास ताक, साधारण ५० ग्रॅम पनीर. संध्याकाळी खोबऱ्याचा तुकडा. रात्री भाज्यांचं सूप आणि पुन्हा तेवढंच पनीर. भूक फारशी लागत नाही, म्हणून वाटत होतं की पुरतंय.

निवृत्त_गृहविज्ञान (३ मार्च, ११:२०)

गोकुळपेठी, बाळ, मी तीस वर्षं पोरींना आहारशास्त्र शिकवलं. तुझं ताट वाचून आधी हिशेबच केला.

पनीर १०० ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसभराचे तुझे १८. बदामाचे अडीच. ताकाचे अडीच-तीन. भाज्या आणि सूप मिळून चार-पाच धर. कॉफीतल्या तुपात प्रथिन शून्य. बेरीज २७-२८. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा निकष आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. तुझ्या वजनाला ते ५६ होतात. म्हणजे अर्ध्यावर तू जगतेयस, आणि तेही वजन उतरत असताना, जेव्हा गरज उलट थोडी जास्तच असते.

घोळ कुठे झाला, ते सांगते. तुझी सासूबाई, माझी सासूबाई, सगळ्यांच्या ताटात प्रथिनं यायची ती वरणातून आणि पोळी-भाकरीतूनसुद्धा. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत आठ-दहा ग्रॅम सहज असतात. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनाची वीट) कमी, डाळीत मेथिओनिन नावाचं कमी. दोन्ही पोटात गेले की एकमेकांची उणीव भरून निघते. तू कार्ब्स म्हणून हे दोन्ही काढलंस आणि त्यांच्याबरोबर प्रथिनंही गेली. मांसाहारी माणूस लो-कार्बवर जातो तेव्हा भात काढून मटण वाढवतो. आपण शाकाहारी बायका भात काढतो, वरण काढतो आणि काकडी वाढवतो.

आता पावडर. प्रथिनं बनायला २० अमिनो आम्लं लागतात. त्यातली ९ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. बीसीएए म्हणजे त्या नवातली फक्त तीन: ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन. ल्यूसिन स्नायूंना ‘बांधकाम सुरू करा’ असा इशारा देतं, हे खरं. पण गवंड्याला हाक मारली आणि विटा आल्याच नाहीत तर भिंत कशी उभी राहील? उरलेली सहा शरीर कुठून आणणार? तुझ्याच स्नायूंतून. आधी ताट भर, डब्याचा विचार त्यानंतर.

जवसाची_चटणी (३ मार्च, ११:५१)

बाई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ‘काकडी वाढवतो’ला ती म्हणाली, माझंच वर्णन केलं.

तर्रीवाला (३ मार्च, दुपारी १:१५)

म्हणून म्हनलं ना, ताट पाहू पयले.

अंबाझरीचा_धावक (३ मार्च, १:४०)

बाई, मान्य. पण मी रोज चार अंडी, दही, व्हे (दुधापासूनची प्रथिन पावडर) असं १२० ग्रॅमच्या आसपास घेतो आणि तरीही मला बीसीएएने फरक जाणवतो.

निवृत्त_गृहविज्ञान (३ मार्च, ३:०५)

दुखणं थोडं कमी होतं असं काही अभ्यासांतही दिसलंय, त्यामुळे तुझा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण स्नायू त्याने जास्त वाढत नाहीत. तू आधीच १२० खातोस, त्यात ती तिन्ही भरपूर येतात. व्हेच्या एका स्कूपमध्येच अडीच ग्रॅमच्या आसपास ल्यूसिन असतं. तुला परवडतं, त्रास नाही, तर घे. गोकुळपेठीची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे मुळात माल कमी आहे.

धंतोलीचा_फार्मासिस्ट (३ मार्च, रात्री १०:३०)

दुकान बंद करून लिहितोय, म्हणून उशीर.

ताई, तुम्ही थायरॉइडची गोळी म्हणालात. ती साध्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. सोया वाढवणार असाल तर दुपारनंतर खा. तुमची ती तुपाची कॉफी गोळीनंतर लगेच होत असेल, तर गोळी पूर्ण लागू पडत नसेल आणि केसांचं अर्धं कारण तिथेच असू शकतं. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) कधी केलं होतं?

दुसरं, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या चाचणीचे आकडे फिरवतं. अहवाल नॉर्मल किंवा भलताच येतो आणि डॉक्टर त्यावरून डोस बदलतात.

रात्री पायात गोळे येतात, त्यावर मात्र कोणी बोललंच नाही. कार्ब्स सोडले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकू लागतात. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपतं, त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. पहिल्या दोन-तीन किलोत बरंचसं हेच पाणी असतं. डोकं जड होणं, गळून जाणं, रात्री गोळे, हे बहुतेकदा मिठा-पाण्याचं दुखणं आहे. आपल्या नागपुरात आता ऊन चढतंय, मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे वाढेल. बीपीची गोळी नसेल तर ताकात नीट मीठ घाला, लिंबू-मीठ-पाणी घ्या. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोकुळपेठी (४ मार्च, सकाळी ६:५०)

काका, कॉफी गोळीनंतर दहा मिनिटांत होते. आणि केसांच्या गोळ्या चालूच आहेत, बायोटिनच्याच. हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बीपी नाही.

सेमिनरीहिल्स (४ मार्च, ९:१५)

मी थोडी वेगळी बाजू मांडते. ग्लुटामाइनने माझी गोडाची ओढ खरोखर गेली. संध्याकाळी पाच वाजले की मला संत्रा बर्फी डोळ्यांसमोर दिसायची. अर्धा चमचा पाण्यातून घेतलं की पंधरा मिनिटांत शांत. दोन महिने घेतलं. आणि अमिनो आम्लं ही शेवटी अन्नातलीच, नैसर्गिक गोष्ट आहे, त्याने नुकसान काय होणार?

जवसाची_चटणी (४ मार्च, ९:४०)

माझीही पाचची ओढ गेली, पण दुपारी मूठभर शेंगदाणे आणि दही खायला लागल्यापासून. कदाचित आपल्याला त्या वेळी भूकच लागलेली असते.

सेमिनरीहिल्स (४ मार्च, १०:०२)

असेल. पण मी दुपारी नीट जेवत होते गं, तरी ओढ होती. मला फरक पडला तो पडला.

लाखांदूरकर (४ मार्च, दुपारी १२:३०)

सेमिनरीहिल्सताई, ‘नैसर्गिक, म्हणून नुकसान नाही’ या एका वाक्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी भंडारा जिल्ह्यातला, आमच्या धानाच्या बांध्यांत लाखोळी (लाखेची डाळ) पिकते. धान कापायच्या आधीच ओलीवर फेकून देतात, ना नांगरणी ना पाणी, तरी येते. त्या लाखोळीत ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं. आपल्या प्रथिनांतल्या २० मध्ये ते नाही, पण आहे अमिनो आम्लच आणि शंभर टक्के नैसर्गिक. मज्जापेशींना निरोप देणाऱ्या ग्लुटामेटसारखं दिसतं, म्हणून मज्जापेशी फसतात आणि अतिउत्तेजनाने मरतात. दुष्काळात ज्यांनी महिनोन्‌महिने नुसती लाखोळीच खाल्ली, त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली ती यामुळेच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर गावचे लोक मला घरात घेणार नाहीत. मिसळीच्या जेवणात, भात-भाजीसोबत थोडी खाल्ली तर पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही. आमच्या आया ती भिजवून, उकळून वरचं पाणी फेकून द्यायच्या, त्याने ओडॅप बरंच कमी होतं. बंदी उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. पुढे कमी ओडॅपचे वाणही आले. माझं म्हणणं एवढंच, किती खाल्लं आणि सोबत काय खाल्लं यावर सगळं ठरतं.

तर्रीवाला (४ मार्च, १२:५५)

लाखोळीच्या डाळीचे वडे! भाऊ, तुम्ही आठवण काढली, आता दुपार कशी काढू मी.

धंतोलीचा_फार्मासिस्ट (४ मार्च, रात्री १०:४५)

लाखांदूरकरांना +१. सुट्या अमिनो आम्लांचं औषधासारखंच असतं. आर्जिनिन रक्तवाहिन्या सैल करतं म्हणून लोक हौसेने घेतात. २००६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना एल-आर्जिनिन दिलं होतं. त्या गटात सहा मृत्यू झाले, नकली औषध दिलेल्या दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला प्रथिनातली काही अमिनो आम्लं अडवतात, कारण आतड्यात आणि मेंदूत दोघांचा दरवाजा एकच. नैराश्याच्या गोळ्यांसोबत ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी घेतलं तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. यकृत खराब असेल तर ग्लुटामाइनने अमोनिया वाढू शकतो.

सेमिनरीहिल्सताई, तुम्हाला यातलं काही नसेल आणि दोन महिने मानवलं असेल तर माझा आक्षेप नाही. फक्त डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पिशवीत तो डबाही घेऊन जात जा. लोक डबा सांगतच नाहीत, ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणतात.

मानेवाडा_चौक (५ मार्च, सकाळी ८:२०)

मी शक्यतो लिहीत नाही. माझ्या मोठ्या भावाला बारा वर्षांपासून शुगर. गेल्या वर्षी वजन कमी करायचं म्हणून एका जिममध्ये गेला, तिथे त्याला दिवसाला तीन स्कूप प्रोटीन आणि वर अमिनोच्या गोळ्या दिल्या. कोणी विचारलं नाही की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) किती आहे. त्यालाही माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. चार महिन्यांनी पाय सुजले म्हणून तपासलं तर २.१. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणाले, मूत्रपिंड आधीपासूनच बिघडत असणार. या प्रोटीनने किती भर घातली ते सांगता येणार नाही, पण आता ते बंद. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, मला सायकल त्याने शिकवली. आता त्याचं ताट मोजून वाढताना वहिनीचे हात थरथरतात. गोकुळपेठीताई, डबा उघडायच्या आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे.

गोकुळपेठी (५ मार्च, ८:५५)

दादा, आजच करते. तुमच्या भावाला बरं वाटो.

निवृत्त_गृहविज्ञान (५ मार्च, १०:१०)

मानेवाडा, लिहिलंस हे फार बरं केलंस.

नवी_पहाट (५ मार्च, दुपारी ४:३०)

माझे मिस्टर हे सगळं वाचून उद्यापासून भात-पोळी बंद म्हणताहेत. त्यांना शुगरच्या दोन गोळ्या आहेत, एकीचं नाव ग्लिमेपिराइड, दुसरी डापाग्लिफ्लोझिन. चालेल ना?

धंतोलीचा_फार्मासिस्ट (५ मार्च, ४:३८)

नवी_पहाट, उद्यापासून नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून लिहितोय, इतकं हे महत्त्वाचं आहे. ग्लिमेपिराइड चालू असताना कार्ब्स एकदम काढले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर कडक लो-कार्ब केलं तर रक्तात कीटोन आम्लं साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप दिसली तर थेट इस्पितळात न्यायचं. आधी डॉक्टरांनी गोळ्या बदलायच्या, मग ताट.

नवी_पहाट (५ मार्च, ४:५०)

बापरे. शनिवारची वेळ घेतली. मनापासून आभार.

विज्ञानवाचक (६ मार्च, रात्री ८:००)

मूळ प्रश्नातला दुसरा अर्धा राहूनच गेला, शुगर वाढते का. अमिनो आम्लांतली ल्यूसिन आणि लायसिन ही दोन सोडली तर बाकीच्यांपासून यकृत थोडीफार साखर बनवू शकतं. अमिनो आम्लांनी इन्सुलिन वाढतं, त्याबरोबर साखर वाढवणारं ग्लुकॅगॉनही वाढतं, त्यामुळे नुसत्या प्रथिनाने साखर बहुतेकांची फारशी हलत नाही. ज्यांना कीटोनचे आकडेच हवे आहेत त्यांना बीसीएएने थोडा फरक पडेल. ताईंना साखर आटोक्यात हवी आहे, त्यांनी त्याचं दडपण घेऊ नये.

पण डब्याचं लेबल वाचा. फ्लेवरच्या पावडरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन असतं कधी कधी, ते साखरेसारखंच चढतं. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघा. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका बघा. सिस्टिनसारखी काही अमिनो आम्लं केसांपासून आणि पिसांपासूनही काढली जातात. आणि कोलॅजन तर प्राण्याचंच असतं, शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन नाही, म्हणजे प्रथिन म्हणूनही अपुरं.

जवसाची_चटणी (६ मार्च, ८:२०)

कोलॅजन प्राण्याचं?? माझ्या मावशीचं सोळा सोमवारचं व्रत चालू आहे आणि ती रोज घेतेय. आत्ता फोन करते.

तर्रीवाला (६ मार्च, ८:४१)

मावशी काय म्हणाल्या, ते कळवा बाप्पा.

निवृत्त_गृहविज्ञान (७ मार्च, ११:००)

गोकुळपेठी, तुला आपल्याच बाजारातलं ताट सांगते. सोयाबीन आपल्या विदर्भात पोत्यांनी पिकतं. सोया वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १५ ग्रॅम प्रथिनं, कार्ब्स दहाच्या आत-बाहेर. शेंगदाणे मूठभर, सात ग्रॅम. दही दोन वाट्या, दहाच्या आसपास. पनीर ५० ऐवजी ७५ कर. जवसाची चटणी रोज. आणि एक वाटी घट्ट वरण परत आण. त्यात सतरा-अठरा ग्रॅम कार्ब्स येतात, येऊ देत. तू मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेस, तुला शून्यावर जायची गरज नाही. एवढं सगळं करून कमी पडलं तर अर्धा-एक स्कूप व्हे घे, त्यात नऊच्या नऊ आहेत. आणि केसांचं म्हणशील तर वजन झपाट्याने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते गळतातच. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ बघून घे, पोट भरलं की परत येतात.

गोकुळपेठी (२४ मे, रात्री ९:०५)

मंडळी, बरेच दिवसांनी आले, क्षमस्व. अहवाल आणि हिशेब दोन्ही घेऊन आलेय.

क्रिएटिनिन ०.७, अल्ब्युमिन ठीक. बायोटिन बंद करून टीएसएच केलं तर ७.८ आलं, आधी नॉर्मल दाखवत होतं. कॉफी तासभर पुढे ढकलली, डोस तोच ठेवला, आठ आठवड्यांनी ३.४. फेरिटिन ११ होतं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, दुपारी. पायातले गोळे ताकात मीठ वाढवल्यावर आठवड्यात थांबले, त्याला एक पैसा लागला नाही. प्रथिनं रोज ५८ ते ६२ होतात, वहीत लिहिते. वजन ६६. एचबीएवनसी ५.७. केस अजून जातात, पण कपाळावर बारीक नवीन दिसताहेत. लेकीने टॉर्च मारून मोजले.

बीसीएएचा डबा तसाच आहे, उघडला नाही. दुकानदाराने परत घेतला नाही.

अंबाझरीचा_धावक (२४ मे, ९:३०)

मी घेतो अर्ध्या किमतीत, खरंच. आणि माझंही क्रिएटिनिन केलं तुमचा धागा वाचून. ठीक आहे.

मानेवाडा_चौक (२४ मे, १०:१२)

वाचून फार बरं वाटलं ताई. भाऊ १.९ वर स्थिर आहे.

सेमिनरीहिल्स (२५ मे, सकाळी ७:४५)

अभिनंदन गं. पण सोया वड्या रोज कशा खातेस? मला दोन दिवसांत कंटाळा आला.

गोकुळपेठी (२५ मे, ८:३०)

वड्या आठवड्यातून तीनदाच. बाकी दिवशी पातोडी करते. बेसन अर्धं, सोयाचं पीठ अर्धं. ओवा, तीळ, लसूण नेहमीसारखं. नुसत्या बेसनासारखी चिकटत नाही, थापताना फुटते, म्हणून ताटलीत थापून आधी दहा मिनिटं वाफवून घ्यायची आणि गार झाल्यावर कापायची. रस्सा आपला नेहमीचाच, झणझणीत, खसखस-खोबऱ्याचा. उकळी आल्यावर पातोड्या सोडायच्या आणि मग ढवळायचं नाही.

तर्रीवाला (२५ मे, ८:४४)

रस्सा किती मानसांचा करता ताई? गोकुळपेठेत येनं होते माझं रविवारी.